चौघे होते, पाचवा कोणी नव्हता

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. क्लबहाउसच्या एका कोपऱ्यात टेबल टेनिस चालू असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही दहाबारा जण सतरंजीवर बसून वाचतो. या पावसाळ्यात आम्ही विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी घेतली होती. काही मुले मूळ इंग्रजीतून वाचत होती, तर काही जणांच्या हातात जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद होता. दहाव्या प्रकरणापाशी आल्यावर नववीतल्या एका मुलीने पुस्तक मिटले आणि विचारले, “काका, हे चौघेही काल रात्री तिथेच होते ना? मग आज एकमेकांना खोटे का सांगत आहेत? तिथे पाचवा कोणी नाहीच. फसवायचे कोणाला?”

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. टोळक्याने कोणाला मारहाण केल्याची बातमी वाचताना पुढे हाच प्रश्न माझ्यासमोर येऊ लागला. मारणारे अनेक असतात, पाहणारे त्याहून अधिक असतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणीच नव्हते असे निघते. तिला द्यायला हवे होते ते उत्तर पुढे मांडत आहे.

गोष्ट थोडक्यात

गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते आणि पुढे सॅलिसबरी येथील मुलांच्या शाळेत शिकवत होते. युद्ध आणि शाळेचा वर्ग हे दोन्ही जवळून पाहिलेल्या या माणसाची ही पहिली प्रकाशित कादंबरी १९५४ साली आली. युद्धकाळात विमान कोसळून काही शाळकरी मुले एका निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठा माणूस नसतो. राल्फ हा त्यांचा निवडून आलेला नायक, चष्मा लावणारा पिगी हा त्याचा सल्लागार आणि शिकारीच्या नादाने वेगळी टोळी उभी करणारा जॅक हा त्याचा प्रतिस्पर्धी. बेटावर एक हिंस्र श्वापद आहे, अशी भीती सगळ्यांच्या मनात घर करते. सायमन नावाचा अबोल मुलगा डोंगरावर जाऊन पाहतो, तेव्हा ते श्वापद म्हणजे हवाई छत्रीत अडकलेले एका माणसाचे प्रेत असल्याचे त्याला कळते. हे सांगायला तो खाली येतो. खाली वादळात, विजांच्या कडकडाटात, मुले शिकारीचे नृत्य करत असतात. अंधारातून रांगत आलेल्या सायमनलाच ती श्वापद ठरवतात आणि ठार मारतात. राल्फ आणि पिगीही त्या घोळक्यात ओढले गेलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी

वाचक बहुधा या खुनाने हादरतो आणि पुढचे प्रकरण भरभर उलटतो. माझ्या मते कादंबरीतली सर्वांत बारीक कारागिरी त्याच पुढच्या प्रकरणात आहे.

सकाळी राल्फ पिगीला सरळ सांगतो की तो खून होता. पिगी किंचाळल्यासारखा त्याला अडवतो आणि कारणांची माळच लावतो. अंधार होता, विजा चमकत होत्या, पाऊस होता, आपण घाबरलो होतो, तो अपघात होता. सायमनने अंधारातून तसे रांगत यायलाच नको होते, त्याचे डोके ठिकाणावर नव्हते, असेही तो म्हणतो. शिवाय आपण घोळक्याच्या बाहेरच्या कडेला होतो, आपण काही केले नाही आणि काही पाहिलेही नाही, अशी तो स्वतःची समजूत घालतो. राल्फ यातले एकच कारण तपासून पाहतो. भीती वाटत होती का? तो सावकाश म्हणतो की नाही, भीती वाटत नव्हती. जे वाटत होते ते काय होते, तेच त्याला सांगता येत नाही. ही कबुली फार मोठी आहे, कारण सगळ्यांत सोयीची सबब तो स्वतःच नाकारतो. तरीही पिगीशी बोलताना त्याच्या एका वाक्याचा कर्ता मध्येच बदलतो. ‘आपण’ काय केले ते तू पाहिले नाहीस का, असे तो विचारू लागतो आणि वाक्य पुरे होईपर्यंत ‘आपण’चे ‘त्यांनी’ झालेले असते.

मग सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ येतात. त्यांना आपण नृत्यात होतो हे कळू द्यायचे नाही, असे पिगीने राल्फला आधीच बजावलेले असते. गंमत अशी की जुळेही नेमकी तीच कहाणी घेऊन आलेले असतात. दमलो होतो म्हणून लवकर निघालो, असे राल्फ आणि पिगी सांगतात. आम्हीही दमलो होतो, आम्हीही लवकर निघालो, असे जुळे सांगतात. सॅमचा हात कपाळावरच्या ओरखड्याकडे जातो आणि तो घाईघाईने हात खाली घेतो. एरिकचा ओठ फाटलेला असतो आणि तो त्याला बोटाने चाचपत राहतो. ओरखडा चौघांनाही दिसतो आणि त्याविषयी कोणी विचारत नाही.

इन्कार म्हणजे अपराधभाव नसणे का?

येथे दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. अपराधभाव म्हणजे आपल्या हातून चुकीचे घडले, याची आतून होणारी टोचणी. इन्कार म्हणजे माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखे वागणे. हे दोन्ही एकमेकांविरुद्ध आहेत, असे वरवर वाटते. जो नाकारतो त्याला काही वाटत नाही, आणि ज्याला वाटते तो कबूल करतो, असा आपला हिशेब असतो. पण मराठीत ‘चोराच्या मनात चांदणे’ म्हणतात, त्यात यापेक्षा जास्त शहाणपण आहे. सॅमला कपाळावरच्या ओरखड्याचे काहीच वाटत नसते, तर हात खाली घेण्याची घाई त्याने केली नसती.

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली बालगुन्हेगारीविषयी जे मांडले, ते याच्याशी नीट जुळते. समाजाचे नियम मुळातच मान्य नसतात म्हणून मुले गुन्हा करतात, ही तेव्हाची एक प्रचलित समजूत होती. या दोघांचे म्हणणे असे, की नियम मान्यच नसते तर सबबींची गरज पडली नसती. मुलाला नियम पटलेला असतो आणि म्हणूनच तो मोडताना त्याची बोच बोथट करण्याच्या युक्त्या त्याला लागतात. त्यांनी अशा पाच युक्त्या सांगितल्या: माझ्या हातात काही नव्हते, फारसे नुकसान झालेच नाही, ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता, बोट दाखवणारेच कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत, आणि मी जे केले ते माझ्या माणसांसाठी केले. पिगीची सकाळची बडबड यांच्याशेजारी ठेवून पाहावी. वादळ आणि अंधार ही पहिली युक्ती, सायमनचे रांगत येणे ही तिसरी.

गळती, ओल आणि वरचा फ्लॅट

इन्कार एकाच प्रकारचा नसतो. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने २००१ सालच्या आपल्या पुस्तकात त्याचे तीन प्रकार केले आहेत. ठाण्यातल्या कोणत्याही जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला ते पुस्तक न वाचताही समजतील.

जुलैमध्ये तुमच्या छतावर डाग दिसतो आणि तुम्ही वरच्या मजल्यावर जाता. पहिले उत्तर मिळते, “आमच्याकडे गळती नाहीच.” हा वस्तुस्थितीचा इन्कार. तुम्ही फोटो दाखवता, तेव्हा उत्तर येते, “ही गळती नव्हे हो, पावसाळ्यातली ओल आहे.” येथे डाग मान्य आहे, त्याचे नाव बदलले आहे. हा अर्थाचा इन्कार. शेवटी प्लंबर येतो आणि पाइप फुटल्याचे सांगतो. मग ऐकू येते, “असेल गळती, पण आता आम्ही काय करायचे? सोसायटीने बघावे.” वस्तुस्थिती मान्य, नावही मान्य, पण त्यातून येणारी जबाबदारी अमान्य. हा परिणामांचा इन्कार.

बेटावर हे तिन्ही सापडतात. जुळे पहिल्या प्रकाराचा आधार घेतात: आम्ही नव्हतोच. पिगी मुख्यतः दुसऱ्याचा: खून नव्हे, अपघात. या गोष्टीचा विचार करून काही उपयोग नाही, आता विसरायचे, असेही तो राल्फला सांगतो, तो तिसरा. एकच मुलगा एका दमात दोनतीन प्रकार वापरतो, आणि ते एकमेकांना छेद देतात याचे त्याला भान नसते. आपण तिथे नव्हतो आणि तो अपघात होता, ही दोन्ही विधाने एकत्र कशी टिकतील? जो तिथे नव्हता त्याला अपघात असल्याचे कळले कसे?

अकरा मुलांची तहान

ही सगळी कादंबरीतली गोष्ट झाली, असे म्हणून सोडून देता येईल. मला ते जमत नाही, याचे कारण आमच्याच आवारात आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळवडीला अजून तीन दिवस होते. सोसायटीत फुगे मारायला बंदी होती, तरी दहा ते चौदा वयाच्या अकरा मुलांनी जिन्याखाली रंगीत पाण्याचे फुगे भरून ठेवले होते. संध्याकाळी आमचे इस्त्रीवाले सायकलच्या मागे कपड्यांचे गाठोडे बांधून फाटकातून आत आले. पहिला फुगा कोणी मारला हे आजही कोणाला माहीत नाही. मग मात्र एकदम पाऊसच पडला. त्यांनी एक हात तोंडासमोर धरला, दुसऱ्या हाताने हँडल सावरले गेले नाही आणि ते सायकलसकट पडले. पडल्यानंतरही तीनचार फुगे बसले, असे पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी पाहिले होते. इस्त्रीवाल्यांच्या मनगटाचे हाड मोडले.

रात्री मुलांना क्लबहाउसमध्ये बोलावले. पहिल्याने सांगितले, मी तेव्हा पाणी प्यायला वर गेलो होतो. दुसराही पाणी प्यायला गेला होता. तिसऱ्यापासून आम्हाला पुढचे उत्तर पाठ झाले. अकराही जणांना एकाच क्षणी तहान लागली होती. त्यांच्यात एक मुलगा शेवटच्या खुर्चीवर बसला होता. त्याने दोन्ही मुठी घट्ट मिटून मांडीवर ठेवल्या होत्या, कारण रंगपाणी भरताना नखांत गेलेला गुलाबी रंग साबणाने निघाला नव्हता. इतर दहा जणांच्या नखांतही तो होता. एकमेकांकडे पाहून ती एकमेकांची साक्ष देत होती, आणि सगळ्यांची नखे सगळ्यांना दिसत होती.

हे सांगून मी मुलांवर बोट ठेवले असते, तर ही गोष्ट सोपी झाली असती. सोसायटीच्या इतिवृत्तात त्या प्रसंगाची नोंद मी केली होती. ती अशी: “सोसायटीच्या आवारात अनुचित प्रकार घडून एका व्यक्तीस दुखापत झाली.” प्रकार घडला, दुखापत झाली. या वाक्यात करणारा कोणी नाही. आपल्या भाषेत कर्ता न आणता वाक्य पूर्ण करण्याची मोठी सोय आहे, आणि कार्यालयीन मराठी तर तिच्यावरच उभी आहे. मुलांनी तहान पुढे केली, मी व्याकरण. प्लास्टरचा खर्च समितीने दिला आणि विषय संपला असे ठरले. पुढे कित्येक आठवडे तो मुठी मिटलेला मुलगा मधल्या जिन्याने यायचा बंद झाला होता. मधल्या जिन्याखाली इस्त्रीचे टेबल होते. तो मागच्या पार्किंगमधून वळसा घालून लिफ्टकडे जायचा.

मग फसवायचे कोणाला?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. पाचवा कोणी नसताना चौघे खोटे बोलतात, कारण येथे खोटे बोलण्याचा हेतू फसवणुकीचा नाहीच. प्रत्येक जण दुसऱ्याचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार हाच त्यांचा धोका आहे. ‘आम्ही लवकर निघालो’ याचा खरा अर्थ असा: मी तुझा ओरखडा पाहणार नाही, तू माझा पाहू नकोस. हा करार उघडपणे करता येत नाही. उघडपणे करायचा तर आधी काय झाले ते बोलावे लागेल. म्हणून तो कहाणीच्या रूपाने होतो, आणि समोरचा तीच कहाणी परत सांगतो तेव्हा करारावर सही होते. एकट्या माणसाला स्वतःशी इतके सफाईने खोटे बोलणे अवघड जाते. घोळक्याने हिंसा सोपी होते हे आपण ऐकतो. घोळक्याने विसरणेही सोपे होते.

मराठीत हे नेमके पकडणारी एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. इंग्रजीतल्या एका सर्वनामाऐवजी आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. ‘आम्ही लवकर निघालो’ असे एक जोडी दुसऱ्या जोडीला सांगते, म्हणजे दोन वेगळे ‘आम्ही’ समोरासमोर उभे राहतात आणि दोघेही बाहेरचे ठरतात. ‘आपण मारले’ असे कोणी म्हणाले असते, तर ऐकणारेही त्यात ओढले गेले असते. त्या सकाळच्या संभाषणात सगळ्यांत धोकादायक शब्द ‘खून’ नाही, ‘आपण’ आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचे नाटक मराठी वाचकाला येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथे बेट नाही आणि मुलेही नाहीत. वेळ घालवायला खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात एक हौशी नाट्यमंडळ मिस बेणारेचे आयुष्य उघडे करते. नंतर हा सगळा खेळच तर होता, असे म्हणून ही मंडळी ठरलेल्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. वरच्या तीन प्रकारांतला हा दुसरा, आणि मोठ्यांना तो मुलांपेक्षा चांगला साधतो.

‘मुलेच ती, त्यांना काय कळते?’

हा आक्षेप बहुतेक पालक घेतात आणि त्यात तथ्य आहे. कायदाही तो मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडसंहितेप्रमाणेच, सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात आपण काय करतो हे समजण्याइतकी परिपक्वता त्याला होती का, हे पाहिले जाते. दुसरीकडे, समान इरादा असलेल्या अनेकांपैकी प्रत्येक जण त्या कृत्याला एकट्याने केल्याइतकाच जबाबदार असतो, हे तत्त्वही त्याच संहितेत आहे. कडेला उभा होतो, हे तिथे आपोआप सुटकेचे कारण होत नाही.

पण शिक्षा किती व्हावी आणि समज किती होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समज नव्हती असे म्हणणाऱ्याने त्या सकाळचे बारकावे सांभाळायला हवेत. ओरखडा लपवायला समज लागते. कहाणी आधी ठरवायला तर जास्तच लागते. मुले आहेत म्हणून त्यांच्याशी कठोर वागू नये, हे मला मान्य आहे. त्यांना कळले नव्हते, हे मान्य नाही. आपण जेव्हा मुलाला सांगतो की तुला काय कळत होते तेव्हा, तेव्हा आपण त्याला एक तयार सबब देतो. ज्या मुलाला आतून टोचत असते, त्याची टोचणी खोटी आहे असेही आपण त्यातून सांगून बसतो.

‘खरी मुले अशी वागत नाहीत’

हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९६५ साली टोंगा या देशातल्या एका निवासी शाळेतली सहा मुले होडी घेऊन पळाली आणि वादळात सापडून ‘आता’ नावाच्या निर्मनुष्य बेटावर पोहोचली. तिथे ती सुमारे १५ महिने राहिली. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीने त्यांची सुटका केली. कोणी कोणाला मारले नव्हते. त्यांनी अग्नी पेटता ठेवला होता, बाग केली होती, आणि एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधून बरा केला होता.

म्हणून मुले एकटी सोडली की पशू होतात, असा सिद्धान्त या कादंबरीतून काढू नये. ती सहा मुले आधीपासूनची मित्र होती, आणि त्यांना कोणी विमानातून एकमेकांवर आणून टाकले नव्हते. मला त्यांच्या हकिगतीतली एक गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. भांडण झाले की भांडणाऱ्यांनी दूर जाऊन डोके शांत करायचे आणि मग परत येऊन मिटवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणजे भांडण झाले हे तिथे मान्य करावेच लागत होते. गोल्डिंगच्या बेटावर सभा भरते, शंख फुंकला जातो, बोलण्याचे नियमही असतात. झाले ते झाले असे म्हणण्याची जागा मात्र नसते.

नाकारल्याने बिघडते काय?

मेलेला मुलगा तर परत येणार नाही, मग चौघांनी विसरून पुढे गेले तर नुकसान काय, असे पिगीसारखे आपणही विचारू शकतो. याचे उत्तर जॅकच्या टोळीत मिळते. तिथेही एक मुलगा चाचरत विचारू पाहतो की काल आपण त्याला, म्हणजे त्या श्वापदाला, मारलेच ना? जॅक जोरात नाही म्हणतो. श्वापदाला मारता येत नाही, ते वेष पालटून आले होते, असे तो सांगतो. सायमनचा खून नाकारायचा, तर रात्री जे आले ते श्वापदच होते असे म्हणावे लागते. आणि श्वापद मेले असे म्हटले तर भीती संपते, आणि जॅकचे राज्यही. म्हणून श्वापद जिवंत ठेवावे लागते, दारावर पहारे बसवावे लागतात, मार द्यावा लागतो. इन्कार टिकवण्यासाठी आणखी हिंसा लागते.

दुसरा खून पाहिला की हे स्पष्ट होते. सायमन अंधारात, वादळात, घोळक्याच्या हातून मेला. पिगी भर दिवसा मरतो. जॅकच्या टोळीतला रॉजर वरून मोठी शिळा ढकलतो, खाली कोण उभे आहे ते पाहून. वादळ नाही, नृत्य नाही, गैरसमज नाही. पहिल्या वेळी ज्या सबबी लागल्या होत्या, त्यातली एकही आता लागत नाही. आणि ज्याच्यावर ती शिळा कोसळते, तोच पहिल्या खुनाला अपघात म्हणत होता.

शेवटी एक नौदल अधिकारी बेटावर उतरतो आणि हसत विचारतो की कोणी मेले वगैरे नाही ना? राल्फ सांगतो, फक्त दोघे. सायमनचा मृत्यू तो येथे मोजतो, म्हणजे सकाळी अर्धवट राहिलेली कबुली पूर्ण करतो. वाचनकट्ट्यावर आम्ही येथे थांबलो. नववीतल्या त्या मुलीने पाने मागे उलटत दुसरे प्रकरण काढले. तिथे मुलांनी पेटवलेला जाळ जंगलात पसरतो, आणि चेहऱ्यावर जांभळट डाग असलेले एक लहान पोर त्यानंतर कोणालाच दिसत नाही. त्याला कोणी मारले नव्हते. ते कुठे गेले, असे पिगीने विचारल्यावर सगळे गप्प झाले होते, आणि राल्फ तो परत गेला असेल असे काहीतरी पुटपुटला होता. त्याचे नावही कोणी विचारून ठेवले नव्हते. मुलीने राल्फच्या उत्तराशेजारी समासात पेन्सिलने तीनचा आकडा लिहिला आणि पुस्तक पुढच्याकडे दिले.